चंदनीच्या पाठीवरचा डाग

१

हरिहर टिपणिसाला ठाण्यातले लोक पाठीमागे 'मांजरडॉक्टर' म्हणत. ते त्याच्या कानावर येई तेव्हा तो नुसता हसत असे. डॉक्टर तर तो होताच, पण जनावरांचा. परळला जनावरांच्या डॉक्टरीची शाळा निघाली, तेव्हा पहिल्या काही वर्षांत शिकून बाहेर पडलेल्यांपैकी तो एक. सरकारने त्याला ठाण्याच्या आसपासच्या गावांत गुरांच्या साथी बघायला नेमलं होतं. बुळकांडीची बातमी आली की घोड्यावर मांड टाकायची, गोठे धुंडाळायचे, आजारी बैल वेगळे बांधायला लावायचे आणि वर मालकाच्या शिव्या खायच्या. हे झालं पोटापाण्याचं. मन मात्र मांजरांत गुंतलेलं.

मासळीबाजारात तो गेला की कोळणींच्या पाट्यांपेक्षा पाट्यांखालच्या मांजरांकडे त्याची नजर आधी जाई. पट्टेरी मांजराच्या कपाळावर इंग्रजी 'एम'सारखी रेघ हटकून असते, ती का? काळा, पांढरा आणि तांबूस असे तिन्ही रंग एकाच अंगावर असले की ती मांजरी मादीच निघते. बोका का नसतो? निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरामागे टाळी वाजवली तर पुष्कळदा ते वळूनही बघत नाही, कारण त्याला ऐकूच येत नाही. मग कानाचा आणि रंगाचा संबंध काय? असे प्रश्न घेऊन तो घरी येई, आणि पिशवीतली मासळी बघून त्याची बायको प्रमोदिनी म्हणे, "अहो, बोंबील शिळे आहेत. मांजरांनी नाक मुरडलं म्हणून तुम्हाला दिलेले दिसतात."

चंदनी त्याला मिळाली ती परळच्या दवाखान्यात. सिंगापूरकडून आलेल्या एका जहाजाच्या कप्तानाने आजारी पिल्लू आणून टाकलं आणि परत न्यायला तो आलाच नाही. सयाम देशातली जात, एवढंच तो सांगून गेला होता. हरिहरने तसं मांजर कधी पाहिलं नव्हतं. अंग लांबट, सडसडीत, पाय काडीसारखे, तोंड पुढे निमुळतं झालेलं. डोळे निळे, पण ऐकायला येत होतं चांगलं. आवाज मांजराचा नव्हेच, तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा. आणि रंग उगाळलेल्या चंदनाचा, नाकापासून शेपटीपर्यंत एकसारखा. कुठे ठिपका नाही, रेघ नाही.

"ही कोरी पाटी आहे," हरिहर म्हणाला होता.

२

त्या वर्षी नवरात्राच्या सुमारास त्यांनी कोलशेतला बिऱ्हाड केलं. ठाणे गावातली जागा अपुरी पडत होती, कारण हरिहरचे वडील, अण्णा, आता त्यांच्याकडेच राहायला आले होते. अण्णांनी सारा जन्म कोर्टात कारकुनी केली. मोतीबिंदूने आधी एक डोळा गेला, मग दुसराही. आता उजेड आणि अंधार यांतला फरक तेवढा त्यांना कळे.

कोलशेतचं घर खाडीजवळ होतं. बैठं, कौलारू, पुढे पडवी. पूर्वी तिथे मिठागरांवरचे अंमलदार राहत, असं घरमालकाने सांगितलं. दारातून बघितलं तर मिठाचे ढीग उन्हात चमकत. मागच्या बाजूला एक लांबोडकी खोली होती, उत्तरेला मोठी खिडकी असलेली. खाडीचा वारा सरळ आत येई. अण्णांना ती खोली दिली. खिडकीकडे तोंड करून त्यांची आरामखुर्ची ठेवली, डावीकडच्या भिंतीला अगदी चिकटवून, म्हणजे उजवीकडून ये-जा करायला जागा राहील आणि उठताना त्यांना भिंतीचा आधार मिळेल. खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये केरसुणीसुद्धा उभी राहिली नसती.

चंदनीने पहिल्याच दिवशी अण्णांची मांडी धरली. जेवणं झाली की ती मागच्या खोलीत जाई, मांडीवर चढे आणि खिडकीकडे तोंड करून बसे. खाडीवरचे बगळे तिला दिसत. अण्णांना ते दिसत नसत, म्हणून तिच्या अंगाच्या थरथरीवरून ते ओळखत. "आज पुष्कळ आलेत वाटतं," ते म्हणत.

घरातली धुणीभांडी करायला कोलशेतचीच सगुणा येई. चाळिशीची, मिठागरावर राबून काटक झालेली, बोलायला मोकळी. चंदनीला पहिल्यांदा पाहून ती म्हणाली, "बाय, ही मांजर हाय का सशाची पोर?"

३

थंडी पडली आणि कोऱ्या पाटीवर काहीतरी उमटायला लागलं.

आधी कानांची टोकं काळपट झाली. मग नाक, मग चारी पावलं, मग शेपूट. पौषात तर ती तोंडाला काजळी फासल्यासारखी दिसायला लागली. अंग मात्र होतं तसंच, चंदनी. सगुणाला वाटलं ती चुलीत तोंड घालते. हरिहरने कान ओल्या फडक्याने पुसून पाहिले. रंग जाईना. जुने केस गळत होते आणि नवे येत होते ते काळे येत होते.

पण इथेच का? कान, नाक, पाय, शेपूट. त्याला ते कोडं सुटेना. एके सकाळी घोड्यावरून बाळकुमला जाताना त्याचे स्वतःचेच कान गारठले, नाक लाल झालं, बोटं आखडली, आणि त्याने घोडा थांबवला. अंगाचे जे भाग गार पडतात तेच!

घरी येऊन त्याने हे प्रमोदिनीला इतक्या उत्साहाने सांगितलं की तिला वाटलं बढतीच मिळाली.

"म्हणजे गारठ्याने केस काळे होतात?" ती म्हणाली. "मग माझे आपण बर्फात बुडवू या."

"अगं, सगळ्यांचे नाही. हिच्या जातीचे."

पडताळाही लवकरच मिळाला. माघात एका कुत्र्याने चंदनीच्या खांद्याला चावा घेतला. हरिहरने तिथले केस भादरले, जखम धुतली आणि सूज उतरावी म्हणून बरेच दिवस ओली पट्टी बांधून ठेवली. जखम भरली. पट्टीखालून नवे केस उगवले ते काळेभोर. पट्टी जेवढी आणि जशी, तेवढाच आणि तसाच काळा चौकोन. हरिहर त्या चौकोनाकडे बघत राहिला. आपण मांजरावर लिहू शकतो, असं त्याच्या मनात आलं.

४

वैशाखात उकाडा मी म्हणत होता. मिठाच्या ढिगांवरून येणारी झळ डोळ्यांत शिरत होती. चंदनीचे केस पुन्हा गळायला लागले. आता फिके यायला हवेत, हरिहरचा हिशेब होता. तसे येतही होते. कान उजळले, खांद्यावरचा चौकोन पुसट झाला.

एका सकाळी तिला विंचरताना त्याला पाठीवर, मधोमध, एक काळपट डाग दिसला. तळव्याएवढा, कडा धूसर. शाई सांडली असेल म्हणून त्याने चोळला. शाई नव्हती. केस मुळापासून काळे होते.

"हिच्या पाठीवर ओलं काही ठेवलं होतं का?" त्याने प्रमोदिनीला विचारलं.

"मांजराच्या पाठीवर मी काय ठेवणार? हंडा?"

डाग वाढत गेला. केस जसे दाट होत गेले तशा कडा स्पष्ट झाल्या. उजव्या कुशीकडे त्याला फाटे फुटले, एकाशेजारी एक. एक आखूड फाटा मानेकडे गेला. हरिहर रोज बघत होता. फाटे किती आहेत ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण तो शब्द काही त्याने मनात येऊ दिला नाही. झाडाचं पान म्हणत राहिला. मग वेलीचं पान.

शेवटी शब्द उच्चारला तो प्रमोदिनीने. चंदनीसमोर दुधाची वाटी ठेवताना ती वाकली आणि तशीच थबकली.

"अहो, हा पंजा आहे. बाईचा हात आहे हा."

५

हरिहरने घाबरण्याआधी विचार केला. तो स्वभावच होता. गार लागल्याशिवाय केस काळे होत नाहीत. क्षणभर लागून चालत नाही, पट्टीसारखं तासन्‌तास लागावं लागतं, रोज, केस उगवेपर्यंत. म्हणजे कोणीतरी या मांजरीच्या पाठीवर हात ठेवून बसतं. रोज. बराच वेळ. आणि तो हात ओल्या पट्टीपेक्षा गार असला पाहिजे, कारण वैशाखात ओली पट्टीसुद्धा घटकेत कोमट होते.

त्याने प्रमोदिनीला हात डागावर ठेवायला सांगितलं. तिने ठेवला. डागाची बोटं तिच्या बोटांच्या पुढे निघाली, लांब आणि बारीक. शिवाय तिचा हात कायम चुलीपाशी, नेहमी उबदार.

"झालं समाधान?" ती म्हणाली. हात मात्र तिने लुगड्याला पुसला.

सगुणाला विचारलं तर ती ओटीच्या पायरीवरच थांबली. "मना काय इचारतंस, दाक्तर? मी त्या मांजरीला हात लावीत नाय. तिचा आंग एका जागी गार लागतं."

"आणि दुपारी मागच्या खोलीत कोण जातं?"

"मी तं नाय जात. बायला इचार, दुपारचा केर मी तिकरं कवाच कारीत नाय."

"का?"

सगुणाने पदर सावरला. "कोन तरी बसलंला असतं तवा. ऊठ म्हनायचा कसा?"

"अण्णा बसलेले असतात," हरिहर म्हणाला.

"त्ये असतातच," सगुणा म्हणाली आणि भांडी घेऊन विहिरीकडे गेली.

हरिहर मागच्या खोलीत गेला. अण्णा आंघोळीला गेले होते, खुर्ची रिकामी होती. चंदनी मांडीवर कशी बसते ते त्याला ठाऊक होतं, तोंड नेहमी खिडकीकडे. मग डागाची बोटं उजवीकडे, अंगठा मानेकडे, म्हणजे मनगट डावीकडे. हात डावीकडून येत होता. डावीकडे भिंत होती.

भिंतच ओली असेल. चंदनी तिला टेकत असेल. त्याने दुपारी पुन्हा येऊन भिंतीला हात लावला. पश्चिमेची भिंत, बाहेरून ऊन खाणारी. ती तव्यासारखी तापली होती.

६

त्याच रात्री पान वाढल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, दुपारी चंदनीला कोण कुरवाळतं?"

"कोण म्हणजे? मी." अण्णांनी भात चाचपून कालवला. "आणि सूनबाई."

प्रमोदिनीच्या हातातली पळी वाटीवर वाजली.

"रोज येऊन बसते बिचारी," अण्णा म्हणाले. "घरचं एवढं काम उरकून. बोलत नाही फारसं, पण ऐकून घेते. माझ्या कोर्टातल्या गोष्टी तुला नको असतात हरी, तुला बैलांतून सवड नाही. ती ऐकते. मी हसलो की हात दाबते." ते किंचित संकोचले. "एवढंच सांगायचं होतं सूनबाई, हात फार गार असतात तुझे. पाण्यात राबू नकोस इतकी."

प्रमोदिनीने हरिहरकडे बघितलं. मग ती शांतपणे म्हणाली, "बरं, मामंजी."

आवराआवर झाल्यावर ती त्याला पडवीत गाठून म्हणाली, "मी दुपारी त्या खोलीत पाऊल टाकत नाही. ते झोपतात, जाग येईल म्हणून. आवाज कानावर यायचा त्यांचा. मला वाटायचं, स्वतःशी बोलतात."

"वय झालंय," हरिहर म्हणाला.

"त्यांचं झालंय. मांजरीचं कुठे झालंय?"

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा मोठं दुसरंच काहीतरी त्याला ओढत होतं. तेच, जे मासळीबाजारात पाट्यांखाली वाकायला लावायचं. त्याला बघायचं होतं.

७

दुसऱ्या दिवशी तो मानपाड्याला जातो म्हणून निघाला आणि अर्ध्या वाटेवरून दुपारी परतला. घोडा बाहेर चिंचेला बांधला, वहाणा पडवीत काढल्या. प्रमोदिनी पुढच्या खोलीत सूप घेऊन तांदूळ निवडत होती. त्याने बोट ओठांवर ठेवलं. तिने मान हलवली, नको म्हणून. तो आत गेला.

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. खिडकीतून लख्ख पांढरा उजेड येत होता आणि खोलीत कुठेही सावलीला जागा नव्हती. अण्णा खुर्चीत. मांडीवर चंदनी. अण्णा कोणत्या तरी जुन्या साक्षीदाराची नक्कल करत होते, थांबून हसत होते, पुन्हा सांगत होते. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर होता. डावा मांडीवर पडलेला, अर्धवट उघडा, बोटं किंचित वाकलेली. दुसऱ्याच्या हातात हात असला की बोटं जशी राहतात तशी.

आणि चंदनीच्या पाठीवरचे केस दबत होते.

मानेपासून शेपटीपर्यंत एक खळगा सरकत गेला. मागे केस पुन्हा उभे राहिले. पुन्हा मानेपासून. चंदनीने डोळे मिटले होते, तिची घुरघुर दारापर्यंत ऐकू येत होती. मग खळगा पाठीच्या मधोमध थांबला, डागावर, आणि तिथे पाच ठिकाणी केस खोल गेले.

वारा, हरिहरने मनात म्हटलं. खिडकीच्या पडद्याकडे बघितलं. पडदा हलत नव्हता.

या वेळी मागे फिरता आलं असतं. पुढे अनेक वर्षं तो स्वतःला हेच सांगत असे, की मागे फिरता आलं असतं. पण तो पुढे गेला, खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घालून बसला, आजारी जनावरापुढे बसतो तसा, हळू, अंगावर न जाता. अण्णांना चाहूल लागली नाही. हरिहरने उजवा हात पुढे केला आणि डागावर ठेवला.

तळव्याखाली मांजरीचे मऊ केस होते. तळव्याखाली गार काहीच नव्हतं. क्षणभर त्याला हसू येणार होतं.

मग गारवा वरून आला. त्याच्या हातावर हात ठेवला गेला.

तो ओला नव्हता. मिठासारखा कोरडा होता. वजन बेताचं. हरिहरने हात काढून घेतला नाही, कारण तो हात दाबत नव्हता, धरत नव्हता. तो बघत होता. त्याने हरिहरची बोटं एकेक करून चाचपली, पेरं मोजावीत तशी. नखांवरून फिरला. पंजा उलटा करून तळवा अजमावला, आणि हरिहरच्या डोळ्यांसमोर त्याचा स्वतःचा हात उताणा झाला, त्याने केला नसताना. मग ती गार बोटं मनगटाकडे गेली आणि नाडीवर थांबली. हरिहर स्वतः रोज हेच करत असे, गोठ्यागोठ्यांतून. समोर जे आहे ते काय आहे, कसलं आहे, कशाने चालतं, हे कळून घ्यायची तीच घाई नसलेली पद्धत.

त्याला पहिल्यांदाच कळलं की खोलीतलं कुतूहल आपल्या एकट्याचं नव्हतं.

"का गं?" अण्णा म्हणाले. "गप्पशी झालीस. कोणी आलंय का?"

नाडीवरची बोटं घट्ट झाली. चंदनी डोळे उघडून हरिहरच्या खांद्यावरून वर, माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर, बघायला लागली.

हरिहर कसा उठला, कसा बाहेर आला, हे त्याला आठवत नाही. प्रमोदिनीने त्याला पडवीत पाणी पाजलं. ती म्हणाली, "काय पाहिलंत ते मला सांगू नका. बैलगाडी सांगा."

"उद्या सकाळी..."

"उद्या नाही. दिवस मावळायच्या आत."

८

कल्याणला पारनाक्याजवळ प्रमोदिनीच्या मामांचं घर होतं, त्यांच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. थोड्या दिवसांनी हरिहरने कल्याणच्या गुरांच्या बाजारावर बदलीही करून घेतली. सगुणाने निरोप घेताना एवढंच म्हटलं, "बरा केलास, दाक्तर. म्हाताऱ्याला आधीच न्यावा होता."

अण्णा विरोध करून थकले. "तिला सांगून तरी निघायला हवं होतं," असं ते गाडीत एकदा म्हणाले. प्रमोदिनी शेजारीच होती. तिने त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो चाचपला, थोडा वेळ धरला, आणि अलगद सोडून दिला. "तू होय, सूनबाई," ते म्हणाले. त्यांना कधीपासून ठाऊक होतं, कोण जाणे.

पाऊस आला आणि गेला. चंदनीच्या पाठीवर नवे केस आले ते फिके, उगाळलेल्या चंदनाचे. डागाची आधी बोटं गेली, मग तळवा गेला. गणपतीच्या दिवसांत प्रमोदिनीने तिला उजेडात धरून उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "कोरी पाटी." त्या दिवशी तिने पातोळ्या केल्या.

पण अण्णा मिटत चालले. जेवण निम्म्यावर आलं. दुपारी खुर्चीत बसत, चंदनी मांडीवर येई, पण ते बोलत नसत. साक्षीदार संपले, वकील संपले. प्रमोदिनी काम टाकून त्यांच्यापाशी जाऊन बसे, "मामंजी, ती नक्कल सांगा ना," म्हणे. ते हसत. "तू नीज जरा, दमली असशील." वैद्य आला, नाडी बघून म्हणाला, रोग काहीच नाही.

तेव्हा हरिहरने ठरवलं, कितीही काम असलं तरी दुपारी घरी यायचं. लहानपणापासून अण्णांशी त्याचं बोलणं असं कधी झालं नव्हतं. काय बोलायचं तेही सुचेना. तो नुसता बसे, खुर्चीच्या डाव्या अंगाला, इथे भिंत लांब होती. आणि हात चंदनीच्या पाठीवर ठेवी.

९

बाजारात एक घोडी त्याच्या हाताखालून एकाएकी बिचकली, ती पहिली खूण. मग बैल बिचकायला लागले. डाव्या हाताला नाहीत, उजव्या हाताला. प्रमोदिनीला विडा देताना बोटं लागली तर तिने हात आखडून घेतला आणि मग काहीच झालं नसल्यासारखं कात मागितला. हरिहरने ताप बघायची काचेची नळी आधी डाव्या मुठीत धरली, पारा चढला. मग उजव्या मुठीत. पारा चढायचं नाव घेईना. तो पुन्हा पुन्हा धरून बघत राहिला. त्याचं त्याला नवल वाटलं, की भीती वाटायच्या आधी त्याला गंमत वाटली होती.

दुखत काही नव्हतं. रक्त फिरत होतं, नखं गुलाबी होती. फक्त हात गार होता, आणि कोरडा.

मार्गशीर्ष लागला. चंदनीचे कान काळे झाले, शेपूट काळी झाली, ते व्हायचंच होतं. एका दुपारी अण्णांच्या मांडीवरून तिने अंग ताणलं, आणि खिडकीतल्या उन्हात हरिहरला तिची पाठ दिसली. नवा डाग उमटत होता. आधीच्यापेक्षा मोठा, रुंद, पुरुषाच्या पंजाचा. मनगट डावीकडे. हरिहरने हात वर उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. कुठेही एक काळा केस बाहेर राहिला नाही.

हात काढून घ्यावा असं त्याला वाटलं. त्याने तसं मनात म्हटलंही. त्याच वेळी अण्णांची बोटं चंदनीच्या पाठीवरून चाचपत आली, त्याच्या हाताला लागली आणि थांबली.

कितीतरी महिन्यांनी त्या चेहऱ्यावर रंग चढला. अण्णांनी आधी नखं चाचपली, मग तळवा, मग दोन्ही हातांनी तो गार हात धरला आणि न दिसणारे डोळे त्याच्याकडे वळवले.

"आलीस?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "सापडलं का गं घर?"

मी आहे, अण्णा, हरी आहे, असं सांगायला हरिहरने तोंड उघडलं. पण वडिलांचा तो चेहरा त्याने जन्मात कधी पाहिला नव्हता, आणि आपण सांगू ते सगळं खरंच असेल याची त्याला खात्री वाटेना.

त्याच्या हाताने आपणहून अण्णांची बोटं हळूच दाबली.